खांबावरची बहीण

ओडेन्से,
२९ एप्रिल

ती. एबेदादास विबेकेचा नमस्कार, वि. वि.

फोन सोडून कागद घेतलाय म्हणजे विषय राजकारणाचा आहे, हे तुला पाकीट बघूनच कळलं असेल. बाबा गेले त्या वर्षी आपण दोघं फोनवर मासेमारीच्या कोट्यावरून इतके भांडलो, की आईने नियमच घालून दिला: राजकारण बोलायचं असेल तर पत्रातून. तिकीट चिकटवेपर्यंत माणूस थंड होतो. तर थंड डोक्याने कळवते. मी युरोपच्या संसदेसाठी उभी राहिले आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. माझं नाव यादीत सगळ्यात शेवटी आहे, तेव्हा निवडून यायचा धोका अजिबात नाही. पक्षाला आपल्या खाडीच्या बाजूचं कुणीतरी यादीत हवं होतं. ब्रसेल्सचं दार आणखी उघडा म्हणणारी माणसं तिकडे उगवतच नाहीत, हे तुला मी काय सांगणार? त्या दाराला कुलूप घाला म्हणून तू इतकी वर्षं खांबाखांबावर फलक टांगत आला आहेस.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते नावानिशी छापून येतं. क्रोग्सुंडच्या आपल्या शाळेत माझ्या नावापुढे भोपळा आला तर? पाले मासेवाल्याचं काय झालं, आठवतं ना? नगरपालिकेला उभा राहिला, स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही म्हणून दुसऱ्याला दिलं, आणि निकाल लागल्यावर गावाला कळलं की बायकोलाही तसंच वाटलं होतं. अजून त्याला भोपळा पाले म्हणतात. त्याच्या नातवंडांनासुद्धा कुणाची रे तुम्ही, भोपळ्याची का, असं विचारतात. माझं स्वतःचं मत ओडेन्सेत. आमच्या पक्षाची तिथली एकुलती एक कार्यकर्ती म्हणजे दातांची डॉक्टर बोडिल, तिचं मत पलीकडच्या गावात. उरली आई. आणि आई कुणाला मत देते हे बाबांना मरेपर्यंत कळलं नाही.

म्हणून एक मागणं. आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा दिव्याचा खांब तेवढा मला सोड. रोज सकाळी कॉफी पिताना लेक समोर दिसली, तर तिचा हात मतपत्रिकेवर चुकून का होईना माझ्या नावापाशी थांबेल. बाकी सगळं गाव तुझं.

वहिनीला नमस्कार. थोरल्या भावाचा लोभ मागून घ्यावा लागत नाही म्हणतात, तरी मागते.

तुझी,
विबेके


क्रोग्सुंड,
४ मे

चि. विबेकेस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. उभी राहिलीस, अभिनंदन. संसद चुकीची निवडलीस, पण आपल्या घरातलं कुणीतरी छापील यादीत आलं. मी सातवीनंतर शाळा सोडली, खिडक्यांच्या चौकटी करायला पुस्तकं वाचून शिकलो, आणि आज शहरातले वास्तुतज्ज्ञ मला फोन करून लाकूड विचारतात. तेव्हा घराण्यात डोकं आहे हे मला नवीन नाही. ते तू कुठे खर्च करतेस, एवढाच प्रश्न आहे.

आता खांबाबद्दल. खांब आपल्या तीर्थरूपांचा नाही, माझा नाही आणि तुझाही नाही. नियम असा आहे की ठरलेल्या शनिवारी दुपारी बारापासून फलक लावता येतात, त्याआधी नाही. जो आधी पोचेल त्याचा खांब. दुसऱ्याच्या फलकाला हात लावायचा नाही. पादचाऱ्याचं डोकं आपटणार नाही इतक्या उंचीवर लावायचा आणि निवडणूक झाल्यावर आठवड्याभरात उतरवायचा. गावात हा नियम तोंडपाठ असलेला माणूस एकच आहे आणि तो तुला हे पत्र लिहितो आहे. बहिणीसाठी खांब राखून ठेवला असं उद्या मासळीच्या लिलावात कुणी म्हटलं, तर मी कोणत्या तोंडाने दुसऱ्यांच्या चुका दाखवू?

तुझ्या बोडिलला सांग, शिडी घेऊन वेळेवर ये. लढत सरळ होऊ दे.

वहिनीने रुबार्बच्या देठांचा मुरंबा घातला आहे. तुझ्या नावाची एक बाटली बाजूला आहे. ती मात्र राखून ठेवली आहे.

लोभ आहेच, त्याला खांब लागत नाही.

तुझा,
एबेदादा


क्रोग्सुंड,
१४ मे

चि. विबेके हिस आईचे अनेक आशीर्वाद.

गुडघा तसाच आहे, म्हणून मी खिडकीतच असते. शनिवारी मात्र खिडकीतल्या खुर्चीचे पैसे वसूल झाले. तुझा भाऊ अकरापासूनच माझ्या खांबाला शिडी टेकवून खाली उभा होता. काखेत त्याच्या पक्षाच्या उमेदवाराचा, त्या क्रागेलुंडचा फलक, हातात घड्याळ. घड्याळ सकाळच्या बातम्यांवर लावलेलं. बेकरीतून कुणीतरी ओरडलं, एबे, वर चढून बस की, कोण बघतंय! तर याने मान वर न करता सांगितलं म्हणे, की मी बघतोय.

बाराला थोडं कमी असताना तुमची बोडिल आली. एवढीशी बाई, हातात फलक, पण शिडी नाही. तिने चर्चकडे पाहिलं. आपल्या चर्चचं घड्याळ पुढे आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. लोक प्रार्थनेला उशिरा येतात म्हणून घंटेवाल्याने कधीचं पुढे करून ठेवलं आहे. घंटा सुरू झाली. एबे आपल्या घड्याळाकडे बघत राहिला. बोडिलने गोड आवाजात विचारलं, की एबे, जरा शिडी धराल का, मला उंचीची भीती वाटते. आता मी मुलाला वळण लावलं आहे. बाईमाणसाने शिडी धर म्हटल्यावर त्याने दोन्ही हातांनी धरली. त्याच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा तू खांबावर होतीस आणि बोडिल खाली उतरून त्याला धन्यवाद म्हणत होती. बेकरीवाल्याने पाव भट्टीत करपवला, इतका हसला.

पण फार खूश होऊ नकोस. बोडिलने तुला लावलं ते नेमकं नियमाच्या उंचीवर. मी राहते पहिल्या मजल्यावर. खुर्चीतून मला तुझा भांगसुद्धा दिसत नाही. बुटका पोस्टमन तेवढा तुला रोज डोळे भरून बघतो. आणि तुझ्या डोक्यावरची जागा रिकामी होती ती एबेने हेरली. घटकाभरात क्रागेलुंड वर चढला. तो अगदी माझ्या खिडकीच्या काचेसमोर आला आहे, हातभर अंतरावर. दात चांगले आहेत त्याचे.

जेवत जा वेळेवर. मायेची मोजदाद कुठल्या केंद्रावर होत नाही, ती असू दे.

तुझी,
आई


ओडेन्से,
२० मे

ती. आईस विबेकेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी शाळेच्या शिक्षकखोलीत एकटीच हसत बसले, आणि नंतर जरा रडू आलं, ते का ते माझं मलाच कळलं नाही. क्रागेलुंडचे दात खोटे आहेत असं बोडिल सांगते, आणि ती दातांचीच डॉक्टर आहे. तेव्हा सांभाळून.

आई, मी कधी तुझ्याकडे मत मागितलं नाही. आजही सरळ मागत नाही. पण कुणी विचारलं, की विबेकेला तिच्या गावात किती मतं पडली, तर मला काहीतरी आकडा सांगता यायला हवा. एवढासाही चालेल. क्रोग्सुंडमधून बाहेर पडले तेव्हा लोक म्हणाले होते, की ही आता आपली राहिली नाही. भोपळा आला तर ते छापून येईल, एवढंच.

तू काय करायचं ते कर. तुझं गुपित तुझंच. फक्त सकाळी कॉफी पिताना जमलं तर जरा वाकून खाली बघ.

पाया पडून,
विबेके


क्रोग्सुंड,
१ जून

चि. विबेके हिस आशीर्वाद.

वाकून बघितलं. गुडघा कुरकुरला, पण बघितलं. फोटो बरा आहे, केस मात्र खिडकीच्या पडद्यासारखे सरळ का कापलेस?

तुला वाटतं तितकं ते सोपं नाही. तुझ्या त्या एका मताचा मी फार विचार केला. समज, आपल्या शाळेत तुला एकच मत पडलं. मग ते कुणाचं, हे विचारायला ज्योतिषी लागेल का? माझं मत आयुष्यभर गुप्त राहिलं, ते म्हातारपणी पेपरात छापून येणार. खालच्या मजल्यावरची इंगर मतमोजणीला बसते. तिचे दोन्ही मुलगे मासेमार, ब्रसेल्सचं नाव काढलं की घरात ताटं आपटतात. ती मला जिन्यात विचारून गेली, की अस्ताबाई, यंदा लेकीला देणार असाल ना? मी म्हटलं, मी तर बाई वाचून ठरवते. त्यावर ती नाक उडवून गेली. पण तिची मला भीती नाही.

मला काळजी एबेची आहे. लिलावात पोरं त्याची फार टिंगल करतात. शिडी धरणारा एबे म्हणतात. त्यात परवा वारा सुटला आणि तू फिरून मासळीच्या दुकानाकडे तोंड करून लटकायला लागलीस. एबे रोज कामावर जाताना थांबायचा, बघायचा आणि चरफडायचा. बोडिलने पट्ट्या कशा आवळल्या आहेत, एक बाजू वर, एक खाली! पण दुसऱ्याच्या फलकाला हात लावायचा नाही हा नियम त्यानेच सगळ्यांना शिकवलेला. शेवटी काल त्याला राहवलं नाही. रस्ता मोकळा बघून शिडी लावली, वर चढला, तुला सरळ केलं, सुतारकामाची पाणसळ लावून कडा आडवी आहे ना ते दोनदा तपासलं. मग खिशातून रुमाल काढून तुझ्या नाकावरची सीगलची घाण पुसली. उतरताना वर पाहिलं, तर खिडकीत मी. त्याने टोपी काढून मला सांगितलं, की फलक घसरून कुणाच्या डोक्यात पडला असता, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न होता. मी म्हटलं, हो बाळा.

माझ्या मताचं म्हणशील, तर गुडघ्यामुळे मी घरूनच देणार आहे. पालिकेची दोन माणसं उद्या पेटी घेऊन येतील. कोऱ्या कागदावर नाव लिहून द्यायचं असतं. आता या गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरं मीच गिरवायला शिकवली. माझं वळण इंगर अंधारातही ओळखेल. तेव्हा जे काही लिहीन ते विचार करून लिहीन.

क्रागेलुंड ठीक आहे. सकाळी मी त्याला बातम्या वाचून दाखवते. मध्ये बोलत नाही. माझ्या दोन्ही मुलांपेक्षा हा गुण त्याच्यात जास्त.

मनात राग धरू नकोस. धरलास तर लिहून कळव.

तुझी,
आई


क्रोग्सुंड,
११ जून

चि. विबेकेस आशीर्वाद.

निकाल तू बघितलाच असशील, तरी घरातल्या माणसाने कळवायला हवा म्हणून लिहितो. आपल्या शाळेत तुला एक मत पडलं. एक. भोपळा नाही. पाले मासेवाल्याने मला रस्त्यात थांबवून तुला निरोप द्यायला सांगितला, की तुझं नशीब त्याच्यापेक्षा मोठं.

ते एक मत कुणाचं, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. लिलावात मला ऐकवतात, की एबे, सगळे खांब तुझे, पण आई ब्रसेल्सची! मी म्हटलं, आईचं वय झालं आहे, आणि एका मताने दार उघडत नसतं. इंगरने जिन्यात आईशी बोलणं टाकलं आहे. आई काही कबूल करत नाही आणि नाकारतही नाही. कॉफी ओतते आणि हवेबद्दल बोलते. मला ते आवडलं नाही, पण तिचा हक्क आहे. मी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

माझ्याबद्दल तुला शंका यायला नको म्हणून स्पष्ट लिहितो. जास्त युरोप मला कुणी लोणचं घातलेल्या हेरिंग माशाबरोबर वाढला तरी मी खाणार नाही. मतपत्रिका तर टेबलावर अंथरावी एवढी लांब. तुझं नाव सापडायलाच माणसाला मुद्दाम शोधावं लागेल, अगदी तळाशी, उजव्या रांगेत, घडीच्या रेघेला लागून. मी तिकडे बघितलंही नाही.

क्रागेलुंडही पडला. अगदी थोडक्यात पडला नाही, चांगला पडला. मुदतीच्या आत सगळे फलक मी उतरवले. तुझा बोडिलने उतरवायचा होता, पण तिची शिडीवरची भीती अजून गेलेली नाही. यावेळी ती खाली उभी राहिली आणि मी चढलो.

मुरंब्याची बाटली अजून तुझ्या नावाची आहे.

तुझा,
एबेदादा


क्रोग्सुंड,
१५ जून

चि. विबेके हिस आशीर्वाद.

तुझं धन्यवादाचं कार्ड मिळालं. फुलं छान आहेत. कार्ड परत पाठवते आहे, कारण ते चुकीच्या पत्त्यावर आलं.

ते मत माझं नाही, बाळ.

मी पेटीवाली माणसं समोर बसली असताना पेन्सिल हातात घेतली. समोर काचेपलीकडे क्रागेलुंड. त्याच्या खाली तू, न दिसणारी. मी मनाशी म्हटलं, हिला ओडेन्से आहे, शाळा आहे, मैत्रिणी आहेत. एबेकडे काय आहे? खांब. त्यातला एक त्याने शिडी धरून गमावला. त्याच्या माणसाला आईचं तरी मत मिळू दे. आणि खरं सांगायचं तर तो क्रागेलुंड तीन आठवडे माझं ऐकून घेत होता, तेही मनात होतं. मग अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. मला वाटलं होतं तुला लगेच कळवीन, मग वाटलं न कळवलेलंच बरं, आणि आता तू फुलांचं कार्ड पाठवलंस. खोटी फुलं मला ठेवता येत नाहीत.

इंगरचा राग काल उतरला. राग धरून तिला कॉफी मिळत नाही. बसली आणि मतमोजणीच्या गमती सांगायला लागली. नावं गावं काही तिला ठाऊक नव्हती, नुसती चिठ्ठ्यांची गंमत. म्हणाली, एक घरून आलेलं मत क्रागेलुंडला होतं, पण अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं! त्या म्हाताऱ्या दारुड्या खलाशाचंच असणार, असं सगळ्यांनी ठरवलं म्हणे. चाळीस वर्षं या गावाचं अक्षर वळवलं मी. निमूटपणे तिच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

मग ती म्हणाली, आणि तुमच्या विबेकेचं ते मत! तशी फुली तिने जन्मात पाहिली नव्हती. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या, चौकोनाच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक केसभर बाहेर नाही, मधला छेद बरोब्बर मध्यावर. मोजणीच्या टेबलावर हातोहात फिरली. कुणीतरी म्हणालं, मतदार खिशात पट्टी घेऊन आला होता की काय. इंगर माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणाली, की अस्ताबाई, या वयात तुमचा हात काय स्थिर आहे!

घरून मत देणाऱ्याला फुली मारायचीच नसते, नाव लिहायचं असतं, हे त्या शहाणीच्या लक्षात आलं नाही. मीही ते लक्षात आणून दिलं नाही. या गावात फुलीलाही पाणसळ लावणारा माणूस कोण, ते तुला मी सांगायला नको.

त्याला कळवू नकोस की मला कळलं आहे. लिलावात पोरं माझ्यावरून चिडवतात ते त्याला सोसवतं. स्वतःवरून चिडवलेलं सोसवणार नाही. गाव मला ब्रसेल्सची म्हणतं तर म्हणू दे. म्हाताऱ्या बाईला गावात थोडी बदनामी असावी, लोक येऊन बसतात.

तुझा फलक त्याने बोडिलला परत दिला नाही. माझ्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे लावला आहे. मी विचारलं, हे नियमात बसतं का? म्हणाला, स्वयंपाकघराला रस्त्याचा कायदा लागत नाही. मी म्हटलं, जरा खाली लाव, खुर्चीतून दिसेल असा. त्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं, माझ्या डोळ्यांपासून दोरी धरली आणि मगच खिळा मारला. क्रागेलुंड गच्चीत टोमॅटोच्या रोपांना वारा अडवतो. कुणीतरी उपयोगी पडलं निवडणुकीत.

सांक्त हान्सच्या होळीला ये. समुद्रकाठी मोठी शेकोटी आहे. मायेने बोलावते आहे, नियमाने नाही.

तुझी,
आई


ओडेन्से,
१९ जून

ती. एबेदादास विबेकेचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. विशेषतः माझं नाव तळाशी, उजव्या रांगेत, घडीच्या रेघेला लागून होतं, ते. तिकडे न बघता इतकं नेमकं सांगणारा माणूस आपल्याच घरात निपजावा!

शेकोटीला येते आहे. शुक्रवारच्या गाडीने. मुरंब्याची बाटली काढून ठेव आणि वहिनीला सांग, पाव मी आणते. मासेमारीच्या कोट्यावर बोलायचं नाही. बोलावंसं वाटलंच तर दोघांनी शेकोटीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना चिठ्ठ्या लिहू.

शाळेत मला सगळ्यांनी विचारलं, की गावाकडे किती मतं पडली. मी एक म्हणून सांगितलं. ते हसले. मी हसले नाही. देशभर मला पडलेल्या सगळ्या मतांमध्ये मी तेवढं एकच मनात ठेवलं आहे.

गाव म्हणतं ते मत आईचं. गाव म्हणतं म्हणजे तसंच असणार, मी कशाला वाद घालू? तेव्हा माझ्या वतीने आईचे आभार मान. नीट मान, टोपी काढून. आणि तिला एवढं सांग, की पुढच्या निवडणुकीला पुन्हा असलं धाडस करायचं असेल, तर फुली जरा वाकडी मारत जा.

लोभ होता तसाच सरळ असू दे. तो वाकडा केलेला चालणार नाही.

तुझी धाकटी,
विबेके